कळशीतलं उकळलेलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या अहमदपुरात लोकांनी पेढे वाटले. कलेक्टर जवळ आला म्हणजे पाणीही जवळ येईल, असा भाबडा समज. आला तो टँकर, तोही स्वतःच्या मर्जीनं, आणि गढूळ.

त्यात माझा धाकटा भाऊ, जेमतेम वर्षाचा, हगवणीनं आडवा झाला. डॉक्टरांनी आईला बजावलं: पाणी उकळून द्या, झाकून ठेवा, त्यात कुणाचा हात बुडू देऊ नका. आईनं ते व्रतासारखं पाळलं. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवायची, वरचं निवळ गाळून घ्यायचं, चुलीवर खळखळ उकळायचं आणि घासून लख्ख केलेल्या कळशीत भरून तोंडाला पांढरं फडकं बांधायचं. काढायला लांब दांड्याचं ओगराळं, तेही उकळलेलं. त्या कळशीकडं नुसतं बघितलं तरी आई वसकन अंगावर यायची. आम्ही बाकीचे रांजणातलं प्यायचो. भावाचं पोट हळूहळू सावरत होतं.

मग नांदेडहून थोरली आत्या त्याला बघायला आली. येताना घाटावरून बाटलीभर गंगा आणली होती. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पिण्याच्या पाण्यात मिसळली की लेकराच्या पोटात जात राहील, असं तिचं म्हणणं.

"अक्का, रांजणात घाला," आई म्हणाली.

"त्या रांजणात? समद्यांची उष्टी भांडी बुडतेत त्यात. तीर्थ हाय हे!" आत्यानं कळशीचं फडकं सोडलं. "किती नेमानं ठेवलंस बघ. देवाला चालंल असं पाणी घरात हेच एक हाय."

आईनं अडवायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. थोरल्या नणंदेला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. शिवाय आईलाही गंगेचा आधार वाटला असणार.

बाटली रिती झाल्यावर ती भानावर आली. पण तीर्थ ओतून देता येत नाही, चुलीवरही चढवता येत नाही. रांजणाचा तळ दिसत होता, टँकरचा पत्ता नव्हता, आणि पोरगं पाण्यासाठी रडून राहिलं होतं. आईनं ओगराळं बुडवलं.

हगवण पुन्हा उलटली. भाऊ गेला.

"जाताना पोटात गंगा होती, नशिबाचं लेकरू," म्हणत आत्या ऊर बडवून रडली. मला तिचा संताप येतो, अजूनही येतो, आणि तिचा त्याच्यावर किती जीव होता तेही आठवतं.

कळशीत पाणी उरलं होतं. तीर्थ म्हणून आत्यानं ते आम्हां सगळ्यांना वाटलं. आईनं अडवलं नाही, तीही प्यायली. मग कितीतरी दिवस ती आमच्या तोंडांकडं बघत राहिली. कुणाचं साधं पोटही दुखलं नाही. त्यामुळं त्याला कशानं नेलं ते आईला कधीच कळलं नाही, आणि जन्मभर तिनं ते स्वतःच्याच माथी मारून घेतलं.