बरणीतली उरलेली गाठ

इस्पितळातली भिंगमावशी म्हणजे पॅथॉलॉजीची डॉक्टरीण. डोळा सूक्ष्मदर्शकाला आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. पेशंट तिला दिसायचेच नाहीत, दिसायचे त्यांचे तुकडे.

दीड वर्षाच्या एका मुलीच्या माकडहाडाशी वाढलेली गाठ सर्जनने काढली. आत केस, कूर्चा, चरबी. साधी गाठ आहे, काळजी नको, असा रिपोर्ट मावशीनेच दिला. आई हसतमुखाने घरी निघणार, तोच रक्तातल्या एएफपीचा, म्हणजे काही कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या प्रथिनाचा, आकडा आला. तान्ह्या बाळांत तो जास्तच असतो. पण दीड वर्षाला इतका? मावशीने आपला रिपोर्ट पुन्हा वाचला. संत्र्याएवढ्या गाठीतले मोजकेच तुकडे तिने तपासले होते.

बरणीत उरलेली गाठ तिने पुन्हा बाहेर काढली आणि तसूभरही जागा न सोडता कापली. दुसऱ्या दिवशी नव्या स्लाइड आल्या. केस, कूर्चा, पुन्हा केस. आणि एका कोपऱ्यात, मधे बारीकशी रक्तवाहिनी, भोवती पेशींचं कडं! मावशी खुर्चीवरून उडालीच.

"सापडलं! अरे, सापडलं!"

सर्जन धावत आला. "मावशी, कॅन्सर सापडला म्हणून कुणी नाचतं का?"

"मग काय, लपून राहिला असता तर नाचायचं? याला केमो छान लागू पडते! चल, आईला मीच सांगते. चूक माझी, तर तोंडही मलाच उघडू दे."

आईने सगळं ऐकून घेतलं. "घरी सगळ्यांना फोन करून झाले हो माझे," एवढंच म्हणाली. मावशीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

केमो सुरू झाली. दर खेपेला आकडा उतरायचा आणि मावशी टेबलावर थाप मारायची. शेवटच्या खेपेनंतर तो अगदी वयाला शोभेलसा झाला, स्कॅनही स्वच्छ निघाला. रिपोर्ट छापून यायचीही वाट न बघता मावशी जिना चढत वॉर्डाकडे धावत सुटली.

तिला धावत येताना पाहून आईने मुलीला कवटाळलं आणि ती भिंतीला टेकली. ही बाई याआधी एकदाच वॉर्डात आली होती.

"अगं, चांगलं आहे! सगळं चांगलं आहे!" मावशी लांबूनच ओरडली.

पण आई तोवर तिथेच खाली बसली होती. धापा टाकत मावशीनेही शेजारी फतकल मारली आणि सगळं पुन्हा नीट सांगितलं.

"आणखी एकदा सांगा," आई म्हणाली.