टिकलीला जागा नसलेला डबा

माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. शेजारच्या मावशी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या डब्याचा राग अजून जात नाही, म्हणून लिहिते.

मावशी मूळच्या जूचंद्र गावच्या, पण विरारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. नजर अधू, म्हणून घरातल्या बटणांना टिकल्या लावायच्या. मिक्सर, गिझर, रिमोट, काही सुटलं नव्हतं. हिरवी टिकली म्हणजे दाबायचं, लाल म्हणजे हात लावायचा नाही.

मस्कतला राहणाऱ्या मुलाने त्यांना वायरलेस इंटरनेटचा डबा आणून दिला होता. त्यावर इवलासा पडदा होता. नेट गेलं की त्यात मोठी फुली दिसायची. खाली बटण, त्यावर हिरवी टिकली. "फुली आली का दाबायचं. तुला पन जमेल गो," मावशी म्हणाल्या. मला जमलं. दर रविवारी कॉम्प्युटरवर मुलगा दिसायचा.

मग नेटवाल्या दुकानदाराने जुना डबा नेला आणि पैसे घेऊन नवा बसवला. पांढरा, गुळगुळीत, बटण नाही, पडदा नाही.

"टिकली कुठं लावू?" मावशींनी विचारलं.

"आता सगळं कॉम्प्युटरवरून होतं, आजी."

त्याच रविवारी मुलगा नुकतीच जन्मलेली नात दाखवणार होता. नेट आलंच नाही. डब्यावरचा एकुलता दिवा मात्र सगळं ठीक असल्यासारखा जळत होता. मावशी नातीसाठी आणलेलं झबलं मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

सकाळी आम्ही नवा डबा घेऊन दुकानात गेलो.

"पेज उघडून पासवर्ड टाकायचा. घरात शिकलेलं कोणी नाही का?" दुकानदार म्हणाला.

"डब्याचं दुखनं डब्यावर नको दिसायला? पोराला ताप आला तर शेजारच्याचं कपाल बघू?" मावशींनी विचारलं.

परक्यांपुढे माझं तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "जुन्या डब्यावर आम्हाला सगळं कळत होतं," मी म्हणाले.

त्याने काउंटरखालून जुना डबा काढून दिला. टिकली तशीच होती. संध्याकाळी मी ती दाबली आणि मावशींनी नात पाहिली.

पण नवा डबा परत घेताना 'वापरलेला माल' म्हणून त्याने अर्धे पैसे कापले होते. दुसऱ्या दिवशी मावशी त्याच्या दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसल्या. येईल त्याला सांगत, "डबा घेतोस? आधी बटन बघ." जेवणाची वेळ टळली, तेव्हा त्याने उरलेल्या नोटा पुढे केल्या.

मावशींनी त्या माझ्या हातात दिल्या आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्यात शिकलेली ही. मोज गो."

मी मोजल्या. पैसे पुरे होते.