ऑर्किडचं आवर्तन

आमच्या घरात वर्षभर एक झाड होतं. झाडाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माणसाबद्दल बोलते.

भीमराव, म्हणजे आमचे हे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. खडकवासल्याचं पाणी कालव्याला ठरल्या वेळी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. हा शब्द आमच्या घरात मिठापेक्षा जास्त खर्च झाला. आवर्तन असलं की सणवार नाही, आजारपण नाही, बायको नाही. चैताली जन्मली तेव्हाही आवर्तनच चालू होतं. पोरीचं नाव ठेवून झालं, पाहुणे गेले, मग हे चिखलाच्या बुटांनिशी तिचं तोंड बघायला आले.

ती चैताली हिंजवडीत कंप्युटर कंपनीत लागली, लग्न झालं, आणि दोन हजार सहा साली नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली. ऑफिसातल्या निरोपाला तिला कुणीतरी ऑर्किड दिलं होतं. जांभळी फुलं, कुंडीत मातीचा पत्ता नाही, मुळं बाहेर लोंबताहेत. गाडीत बसता बसता यांनी विचारलं, या झाडाचं काय करायचं?

"बाबा, सोडा आता त्याच्यावर पाणी," ती म्हणाली, आणि गाडी सुटली. यांनी मान डोलावली, साहेबांपुढे डोलवायचे तशी.

झालं. ऑर्किड आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवायचं, निथळू द्यायचं, मग पुढच्या आठवड्यापर्यंत पाणी बंद, हे कुठल्याशा नर्सरीवाल्यानं सांगितलं आणि यांना जणू नोकरी परत मिळाली. गुरुवारी नळ बंद राहायची धास्ती, म्हणून बुधवारी माझी कणकेची परात झाडाला. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले, मार्केट यार्डातून नारळाची सोडणं आणली, ती वाळवायला माझी गॅलरी. पूर्वेची खिडकी झाडाला, माझे पापड बाहेर. पंखा लावायचा नाही, त्याला वारं लागतं. मी घामानं निथळते त्याचं कुणाला काही नाही. एकदा लोंबणारी मुळं मी कुंडीत खोचायला गेले तर असे ओरडले, जशी काही मी कालव्याची भिंतच फोडली. फुलं गळाली तरी यांचं चालूच. शेजारच्या सुहासिनीताई म्हणाल्या, नुसती पानं उरलीत, टाकून द्या की. त्यांच्याशी बोलणं बंद.

मग चैतालीला दिवस गेले. बाळंतपणाला आधी मुलीच्या आईवडिलांनी जायचं, ते परतले की सासरच्यांनी, ही आता पुण्यातल्या कंप्युटरवाल्या घरांची रीतच झालीय. आमचे व्हिसा झाले, तिकिटं आली, मी डिंक-खारीक बांधायला घेतली. आणि नेमका तेव्हाच झाडाच्या पानाखालून कोंब निघाला. फुलांचा दांडा. हे शांतपणे म्हणाले, तू जा. दांडा आलाय, पोरीनं जबाबदारी टाकलीय, आवर्तन मध्येच मोडता येत नाही.

माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांचं सगळं वर आलं. मी एकटी विमान कुठे बदलू, इंग्रजी कोण बोलणार, सगळं विचारलं आणि शेवटी रडले. मला राग आला की रडू येतं, आणि त्याचा आणखी राग येतो. मग फोन लावला, स्पीकर चालू केला आणि चैतालीला म्हटलं, तूच सांग आता तुझ्या बापाला.

"कुठलं झाड?" तिनं विचारलं.

यांनी तिला आठवण करून दिली, की जाताना तूच सांगितलंस, त्याच्यावर पाणी सोडा म्हणून.

"अहो बाबा, पाणी सोडा म्हणजे नाद सोडा. टाकून द्या. सगळं जग असंच बोलतं ना." मग तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या वेळी कालवा होता. माझ्या बाळाच्या वेळी कुंडी का?"

हे उठले, खिडकीपाशी गेले, दांड्याला दिलेला काडीचा टेकू उगाच नीट करत बसले. मला वाटलं, संपलं, हा माणूस काही येत नाही. बऱ्याच वेळानं माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, तिकडे थंडी कितपत असते?

निघायच्या दिवशी कुंडी घेऊन हे सुहासिनीताईंच्या दारात उभे राहिले. इतक्या दिवसांनी बोलायचं म्हणजे यांना जडच गेलं असेल. ताईंनी विचारलं, पाणी कसं घालायचं? बुधवार, परात, निथळणं, सगळं सांगायला यांनी तोंड उघडलं. मग दांड्याकडे पाहिलं. पहिली कळी नुकती जांभळी व्हायला लागली होती.

"सोडा पाणी," हे म्हणाले, आणि बॅग उचलून जिना उतरायला लागले.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे मी नक्की काय करू, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, वाटेल ते करा, फक्त आमची गाडी निघेपर्यंत यांनी बेल वाजवली तरी दार उघडू नका.