मिश्री सोडवणारा आमचा रूम पार्टनर

आमच्या रूम पार्टनरइतका संशोधनाला नालायक माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानावर आमची खोली होती. दोघंही समाजकार्यात पीएच.डी. करत होतो. खेड्यातल्या बायकांची मिश्री कशी सुटेल, हा त्याचा विषय. तर या पठ्ठ्याने काय करावं? आमच्या पोळ्यांच्या तव्यावर तंबाखू भाजली, कुटली आणि स्वतःच्या दातांना लावली. "बाया काय लावून राह्यल्या ते कळाया नको का?" खालचं अख्खं दुकान ठसकत रस्त्यावर आलं, हा गरगरून संध्याकाळपर्यंत आडवा, आणि पुढे चार दिवस पोळ्यांना तंबाखूचा वास.

त्याच्या फॉर्मात चाळीस प्रश्न होते. "दिवसातून किती वेळा लावता?" असं यानं विचारलं की समोरची मावशी विचारायची, "तुझं लगीन झालं का रं?" मग स्वारी स्थळांपासून मामाच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगत बसायची. परत येताना पिशवीत भेंड्या आणि फॉर्म कोरे. मी तडकलो तर म्हणायचा, "फॉर्म भरला की उठावं लागतं यार. मावशी तर बैस म्हणल्या."

खरी गंमत पुढेच आहे. त्याच्याकडे वाटूरच्या बाजूची दोन गावं होती. एका गावात मिश्रीचे तोटे सांगायचे, दुसऱ्यात अवाक्षर काढायचं नाही, फक्त विचारायचं, आणि शेवटी दोन्ही गावांची तुलना करायची. "दुसऱ्या गावात तोंड उघडायचं नाही," असं आमच्या गाइड मॅडमनी बजावलं होतं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याला! तिथल्या एका मावशीच्या गालात पांढरा डाग दिसला. तिला माझ्या मोटरसायकलवर मध्ये बसवून आम्ही जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मिश्री आज बंद केली तर वाचाल. इथवर मॅडमही काही बोलल्या नसत्या. पण दुसऱ्या दिवशी हा त्या गावच्या पारावर उभा राहिला आणि सगळ्या बायकांना सगळं सांगून आला.

"एका मावशीचं ठीक होतं, अख्ख्या गावाला सांगायची काय गरज होती?" मी ओरडलो.

"बाकीच्यांच्या घरी चहा कसा पिऊ मंग? घशाखाली उतरंना."

मॅडमनी नवीन गाव शोधायला लावलं. तिथे पहिल्याच दारात उत्तर मिळालं, "मिश्री वाईट ना? ठावं हाये. नणंदेचा फोन आल्ता." त्याच्या पुढच्या गावात कुणाची तरी मावसबहीण निघाली. वर्षभरात त्या बाजूला न सांगितलेलं असं एकही गाव उरलं नाही, आणि त्याच्या नोंदणीची मुदत संपली. पाच वर्षांची मेहनत होती. त्यानं फॉर्म सुतळीनं बांधले, तवा मला ठेवला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं. माझा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आहे. तो कुणी उघडल्याचं ऐकिवात नाही.

परवा वाटूर फाट्यावर बसची वाट बघत होतो. "मोटरसायकलवाला ना तू?" तीच मावशी! भर फाट्यावर बोटानं गाल ओढून तिनं मला तोंड दाखवलं. "बघ, साफ हाये. गावात कुणीबी लावीना आता." मग पिशवीतल्या भेंड्या माझ्या हातात कोंबत म्हणाली, "त्याला दे. झाला का रं आमचा पोरगा डॉक्टर?"

"झाला, मावशी," मी म्हणालो.

"मंग तपासाय आला न्हाई तो? ये म्हणावं एकदा."

पुण्याला भेंड्या कशा पाठवणार? घरी येऊन त्याच तव्यावर परतल्या आणि एकटाच जेवायला बसलो. तव्याला आता तंबाखूचा वास अजिबात येत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचंच फार वाईट वाटलं.