खऱ्या खोक्यातले खोटे बल्ब

आमच्या नाट्यगृहात दिवे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे काजवा म्हणतात. हे नाव मीच दिलं आणि मला त्याचा मुळीच पश्चात्ताप नाही. अंगाने काडी, चष्मा जाड, आणि दिवसभर छताजवळच्या काळोखात कुठेतरी लुकलुकत असतो. मी खाली कपडेपट सांभाळते. शिवते, उसवते, इस्त्री करते आणि लोकांना बोलते. बोलण्याचा पगार मिळत नाही, ते मी आवडीने करते.

काजव्याच्या खोडी सांगायच्या तर पहिली म्हणजे बल्बच्या काचेला तो उघडं बोट लावत नाही आणि कोणाला लावूही देत नाही. बोटाचं तेल राहिलं की तापल्यावर काच तिथेच दगा देते म्हणे. म्हणून बल्ब धरायला माझ्याकडून मऊ सुती चिंध्या नेतो, धुतो, वाळत घालतो. स्वतःचा सदरा कधी धुतो देव जाणे. त्याची बायको म्हणते, "ह्यांनी बल्बाइतकं मला जपलं असतं, तर मीही उजळले असते."

दुसरी खोड माझ्या मुळावर आलेली. उडालेला बल्ब तो त्याच्याच खोक्यात परत ठेवतो आणि नव्या मालात मिसळू नये म्हणून खोक्याच्या झाकणाची कड कापतो. तीही माझ्या दातेरी कात्रीने, जिने मी कापडाच्या कडा कापते. पुठ्ठ्याने धार जाते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

आता साडूबद्दल. काजव्याची धाकटी मेहुणी नाच शिकवते आणि तिच्या नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. नाट्यगृहाला बल्ब तोच पुरवतो. जिभेवर साखर आणि तळहाताला कायम घाम. त्याने दिलेली वस्तू घ्यायची झाली तर मी आधी ती टेबलावर ठेवायला सांगते. उडालेले बल्ब तो खोक्यांसकट घेऊन जायचा. "भंगारात देतो, तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणायचा. काजव्याला त्याचं केवढं कौतुक.

मग एके दिवशी तालीम चालू असताना रंगमंचावरचा एक बल्ब फुटला. आमच्या जुन्या दिव्यांच्या पुढच्या काचा आणि जाळ्या केव्हाच गेल्या आहेत, त्यामुळे तापलेले तुकडे सरळ खाली आले. खाली मी राजाचा मखमली अंगरखा टांगला होता. त्याला भोकं पडली, कडा जळून चिकट झाल्या. अंगरख्यात त्या वेळी राजा नव्हता एवढंच नशीब.

काजवा शिल्लक बल्ब घेऊन माझ्या खोलीत आला. एक जुना, भरवशाचा बल्ब आणि एक साडूचा नवा, असे चिंधीवर शेजारी ठेवले.

"ताई, आतली तार बघा. जुन्याची कशी ताठ उभी आहे. याची कलली आहे. प्रकाश एका अंगाला पडतोय, ते मला वरूनही दिसत होतं. मला वाटलं दिवाच वाकला असेल."

पायाशी काच पक्की करायला पांढरं लुकण जिथे भरतात तिथे गोळेच गोळे, कोणीतरी घाईघाईत कणीक चोपडल्यासारखे. मग त्याने ओल्या चिंधीने वरची छापील अक्षरं पुसली. ती पुसली गेली. कंपनीचं नाव माझ्या चिंधीवर निळं उतरलं आणि मला शिसारी आली. चिंधी मी चुलीत घातली असती, पण खोलीत चूल नाही.

"पण खोकं खरं आहे," काजवा पुटपुटला. "हा पुठ्ठा, ही शाई, सगळं खरं आहे."

खोक्याच्या झाकणावर एक चकचकीत चिकटपट्टी होती. मी नखाने सोलली. खाली दाते दिसले. माझ्याच कात्रीचे; तिचा एक दात तुटका आहे, तोही तसाच उमटलेला.

मला आधी साडूचा राग यायला हवा होता, पण आला काजव्याचा. "अरे, खोकी फाडून का नाही दिलीस?"

"चांगलं खोकं फाडवत नाही हो," तो म्हणाला. अशा माणसाला मारावं की पाणी द्यावं, मला कळेना.

त्याने व्यवस्थापकाला सांगितलं. व्यवस्थापक म्हणाला, खोकं कंपनीचं म्हणजे बल्ब कंपनीचा, संध्याकाळी मुलींचा नाच आहे, निमूटपणे लाव. घरी बायको म्हणाली, माझ्या बहिणीचा संसार आहे, तुम्ही तोंड उघडू नका. काजव्याने बल्ब दिव्यांत बसवले. पण दुपारी मेहुणी तिच्या नाचाच्या वर्गातल्या चिमुरड्या मुलींना घेऊन रंगमंचावर आली, तेव्हा हा प्रेक्षागृहाच्या मागे बटणांच्या फळीपाशी हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"भाऊजी, लावा ना दिवे," मेहुणी म्हणाली.

"नाही लावणार. मुलींच्या डोक्यावर आहेत ते. बल्ब खोटे आहेत."

मग व्हायचं तेच झालं. साडू रंगमंचाच्या कडेला, माझ्या शेजारीच पडद्यापाशी उभा होता. आपणच वरच्या व्यापाऱ्याकडून फसलो असू, खोकं जुनं असलं तरी बल्ब उत्तम आहे, साडूभाऊंना हल्ली दिसतंच कमी, असं सगळं त्याने गोड गोड सांगितलं. मेहुणी काजव्यावरच उखडली. "ह्यांचं दुकान चाललेलं तुम्हाला बघवत नाही. माझ्या ताईशी मी बोलतेच आज."

काजव्याचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "ठीक आहे. साडूभाऊ, तुम्ही मध्ये उभे राहा. मी दिवे पूर्ण लावतो. पाच मिनिटं उभे राहिलात, की मुलींना नाचू दे."

साडूने रुमालाने हात पुसले. म्हणाला, कंबर धरली आहे. म्हणाला, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय. म्हणाला, हा काय पोरखेळ.

"मी राहते उभी," मेहुणी म्हणाली. मुलींना कडेला उभं करून ती रंगमंचाच्या मधोमध गेली, बरोबर त्या दिव्यांखाली, आणि मान ताठ करून उभी राहिली. "लावा."

काजव्याने बटणावर हात ठेवला, पण तो बघत होता साडूकडे. मीही बघत होते. एक शब्द पुरला असता. 'थांब' म्हणायला काय लागतं? हा गृहस्थ नुसता मागे सरला. पाठीला पडदा लागेपर्यंत सरला, आणि मग पडद्याच्याही मागे गेला. मी आयुष्यात घामट कपडे, उलटीचे कपडे, कुजलेले कपडे हाताळलेत, पण इतकी किळस मला कशाची आली नव्हती.

काजव्याने बटणावरचा हात काढून घेतला.

मेहुणी अजून तिथेच होती. तिने वळून पडद्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही मागे का सरलात?"

पडद्यामागून उत्तर आलं, "पण तुला तिथे उभं राहायला सांगितलं कोणी?"

मेहुणीचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही, ते तिचं तिच्यापाशी राहू दे. मग ती म्हणाली, "भाऊजी, उतरवा ते."

काजवा चिंधी खांद्यावर टाकून शिडी घेऊन आला. ती खाली शिडी धरून उभी राहिली. साडू पडद्यातून बाहेर आला आणि, चल, घरी जाऊन बोलू, असं काहीतरी म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मी शिडी धरली आहे," ती म्हणाली. "वर माणूस आहे."