खंडेनवमीपासून ऑफलाइन

नेटवर्क दुरुस्तीसाठी मी चाकणच्या एका प्लांटमध्ये पोचलो तेव्हा मिलिंदचा गेटपास प्लांट हेडच्या टेबलावर पडला होता. मिलिंद हा कॉन्ट्रॅक्टवरचा इलेक्ट्रिशियन, काळेवाडीचा. स्वतः दाराशी उभा.

“खंडेनवमीला यानं स्विचमध्ये हळद-कुंकू घातलं,” प्लांट हेड जगताप साहेब म्हणाले. “तेव्हापासून ऑफलाइन. तुम्ही फक्त हो म्हणा, मी याला आजच बंद करतो.”

“कुंकू नाही घातलं, साहेब,” मिलिंद म्हणाला. “आमच्या घरी पूजा नसते, मला त्यातलं कळतही नाही. सुपरवायझर म्हणाले रॅकला हार घाल, घातला.”

मी रॅकला नुसता हात लावला तरी दिवे हिरवे होतात, असं कुरुळीपासून वाकडपर्यंत बोललं जातं. ही अफवा मीच पसरवली आहे. पण माझ्या एका ‘हो’वर कुणाची नोकरी जाणार, असं काम आजवर आलं नव्हतं.

स्विच म्हणजे प्लांटमधल्या सगळ्या मशीन एकमेकींशी जोडणारा डबा; तो रॅकमध्ये, म्हणजे लोखंडी कपाटात बसवतात. हल्ली त्याची देखरेख क्लाउडवरून, म्हणजे दूरच्या एका सर्व्हरवरून होते. स्विचनं तिकडे हजेरी लावायची, मग आपण लॅपटॉपवरच्या डॅशबोर्डवरून हुकूम सोडायचे. इथे मशीन चालत होत्या, पण हजेरी बंद. नव्या वेल्डिंग रोबोसाठी स्विचवरचा एक पोर्ट उघडायचा, तर हुकूमच पोचेना.

स्विचच्या जाळीतून बॅटरी मारून पाहिलं. कुंकवाचा कण नाही. धूळ मात्र इतकी की भुईमूग पेरता आला असता.

“जळून गेलं असेल,” साहेब म्हणाले.

“मग मशीन चालल्या नसत्या, साहेब.”

केबल ठीक. इंटरनेट ठीक. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा वॉचमन, तोही अडवत नव्हता. शेवटी लॅपटॉप थेट जोडला आणि स्विचला तारीख विचारली. त्यानं जे साल सांगितलं, त्या साली या प्लॉटवर कांदा निघत होता.

इथे गोम होती. क्लाउड आधी आपलं ओळखपत्र दाखवतो. ते कधीपासून चालू, हे त्यावर असतं. स्विचच्या लेखी तो दिवस अजून उजाडलाच नव्हता. म्हणून ओळखपत्र खोटं समजून तो दार लावून घेत होता.

खंडेनवमीला मेन बंद करून मशीन पुसतात, पुजतात. वीज गेली की या स्विचचं घड्याळ मागे जातं. पुन्हा सुरू झाल्यावर तो प्लांटमधल्याच एका कॉम्प्युटरला वेळ विचारतो, बाहेर विचारायला बंदी. तो कॉम्प्युटर उत्तर देत नव्हता.

“कुठे असतो तो?” मी विचारलं.

“माझ्या खुर्चीमागे,” साहेब म्हणाले. “प्लांट सुरू झाला तेव्हाचा. त्याची पूजा मी स्वतः करतो.”

साहेबांच्या केबिनच्या कोपऱ्यात तो होता. झेंडूचा जाडजूड हार सुकून पार बटणापर्यंत लोंबत होता. दसऱ्याला बाकी सगळं सुरू झालं, हा बंदच राहिला.

“हा का नाही चालू केला?” मी सुपरवायझरला विचारलं.

तो हळूच म्हणाला, “साहेबांच्या हातचा हार, राव. कोण काढणार?”

साहेबांनी मिलिंदकडे पाहिलं. त्यानं हात मागे बांधले. “मी नाही लावणार हात, साहेब.”

जगताप साहेबांनीच हार काढला आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं स्विचचं घड्याळ जाग्यावर आलं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला. एरवी असा दिवा मी माझ्या नावावर खपवतो. त्या दिवशी नाही खपवला.

साहेबांनी पास पुढे सरकवला. “घे. काम बघ.”

मिलिंदनं तो घेतला, पण हलला नाही. “गेटवर सगळ्यांना कळलंय की स्विच मी घालवला. त्यांनाही सांगाल का, साहेब?”

साहेबांनी हारातल्या पाकळ्या गोळा केल्या. मग स्वतःच गेटला फोन लावला.

हार आता त्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला घालतात, बटण मोकळं सोडून. आणि ऑफलाइन स्विच दिसला की मी आधी त्याची तारीख बघतो. कुणी हात लावला होता, हे नंतर विचारतो. बहुतेकदा विचारावं लागत नाही.