मोर्च्यावर लग्न

व्हिडिओ कलेच्या प्रदर्शनासाठी आमच्या वस्तीतल्या जुन्या मोर्च्याची कॅसेट शोधत होते, ती आज मिळाली. पडद्यावर अण्णा, माझे वडील, घोषणा द्यायला हात उंचावतात, तोंड उघडतात आणि तेवढ्यात बँड वाजतो. त्याच कॅसेटवर कुणीतरी वस्तीतलं एक लग्न उतरवून घेतलेलं.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. ओळख या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली, पण बापाचा आवाज आठवत नाही, याचा थकवा वेगळाच असतो.

आईला फोन केला, तर म्हणाली, "मग काय करायचं बाई? मोर्चा पुन्हा निघणारच होता. लग्न एकदाच."

प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेतले साहेब म्हणाले, "लग्न कापा, इतिहास तेवढा ठेवा." घरातली पहिली पदवी माझी. असल्या वाक्यांना उत्तर देता येतं मला, पण आज कंटाळा आला. नुसती बघत बसले. पडद्यावर पंगत बसली होती. अण्णा जिलेबीचं ताट घेऊन एका म्हाताऱ्यापुढे वाकले आणि म्हणाले, "लाजता काय बाबा, पोटभर जेवा. आपलंच घर आहे."

कापण्यासारखं काही नाही, असं मी साहेबांना कळवून टाकलं.